असोद्यात पवळ्या मरत नसे

कौतिकभाऊ,

फोन उचलायचा नसेल तर तो खिशात ठेवता कशाला? तुमच्या सूनबाईला विचारलं तर म्हणते, "बाबा गच्चीवर आहेत." काल गच्चीवर, आज गच्चीवर. गच्चीवर काय विमान उतरणार आहे तुमचं?

म्हणून हे पत्र. नीट ऐका. रविवारी संध्याकाळी जळगावात वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम आहे. 'रुपीचा पवळ्या' ज्या पोराने नव्याने काढला तो युवराज येणार आहे आणि त्याच्यासमोर मी बसणार आहे. त्याने पेपरात छापून मला खोटी ठरवली. म्हणतो, जुन्या सिनेमातही शेवटी बैल मरतो! अहो, तो सिनेमा आम्हाला दाखवला कोणी? तुम्हीच ना? पवळ्या घंटा वाजवत घरी येतो की नाही? तर तुम्ही स्टेजवर यायचं, माइक धरायचा आणि तेवढं एक वाक्य बोलायचं. जास्त बोलू नका, तुम्ही भरकटता. पांढरा शर्ट घाला. गुडघ्याचं निमित्त सांगितलंत तर खुर्चीसकट उचलून नेईन.

रत्ना

हे पत्र पोस्टात पडलंच नाही. पोस्टाने पत्र धुळ्याहून जळगावला पोचेपर्यंत माणूस पायी जाऊन परत येतो, असं रत्नाबाईंचं मत होतं. मतं त्यांच्याकडे पुष्कळ होती. धुळ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाल्यापासून ती वर्गात सांगायची सोय राहिली नव्हती, म्हणून पेपरच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात जात होती. रविवारी सकाळी त्यांनी पत्राची घडी पर्समध्ये टाकली आणि जळगावची एसटी धरली.

सगळ्या प्रकरणाचं मूळ त्या नव्या सिनेमात होतं. शेजारच्या कुंदाबाईंनी आग्रह केला म्हणून रत्नाबाई बघायला गेल्या होत्या. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी कपाळाला हात लावला. बैल कॉम्प्युटरवर काढलेला. त्याला पापण्या, त्याही सिनेमातल्या बायकांसारख्या. बैल हसतो काय, डोळा मारतो काय! बैलाला जीव लावणाऱ्या रुपीचं घर शेणाने सारवलेलं, पण एखाद्या हॉटेलासारखं, म्हणजे शेणही स्वच्छ. माणसं पुण्याची मराठी बोलतात आणि वाक्य संपलं की आठवण झाल्यासारखं शेवटी अहिराणी 'शे' चिकटवतात. केळीच्या बागेवरून कॅमेरा घिरट्या घालतो, जणू पिकाचा पंचनामा चाललाय. संगीताला एक क्षण दम नाही. आणि एवढं सगळं करून शेवटी त्या मेल्याने पवळ्याला मारला! रुपीच्या मांडीवर डोकं ठेवून, पाच मिनिटं, सावकाश. कुंदाबाई पॉपकॉर्न खात खात ढसाढसा रडल्या.

"काय सुंदर हो!" बाहेर येताना त्या म्हणाल्या.

"डोंबल सुंदर," रत्नाबाई म्हणाल्या. "मूळ सिनेमात तो मरत नाही."

घरी येऊन त्यांनी पेपरला पत्र लिहिलं. लहानपणी जीव लावलेल्या सिनेमाला हात लावायचा तर आधी हात धुवावेत, असं त्यात होतं. जुन्या शेवटाचं वर्णनही होतं. शिंगं रंगवलेला पवळ्या अंगणात येतो, रुपी ओवाळते आणि मागे दारात, हातात कासरा धरून, सिनेमात मधेच मेलेला तिचा आजोबा उभा असतो. 'मेलेल्या माणसाने बैलाला घरापर्यंत सोडायला यावं, ही प्रतिभा त्या काळच्या लोकांची. आजच्यांना फक्त पापण्या काढता येतात.' हे वाक्य लिहून झाल्यावर रत्नाबाईंनी स्वतःसाठी चहा केला होता.

युवराजचं उत्तर आठवड्याने छापून आलं. सभ्य होतं, तेच जास्त झोंबलं. मूळ सिनेमात पवळ्या मरतो, बाईंच्या स्मरणाची गल्लत होत असावी, एवढंच. गल्लत! जुना सिनेमा आता कुठे मिळत नव्हता. त्याच्या गाण्यांची चोपडी ओळखीतल्या एकीने कपाटातून शोधून काढली, पण तिच्यातली कथा 'पुढे काय होते ते पडद्यावर पाहा' इथे संपत होती. रत्नाबाईंचं माहेर असोदा. असोद्याच्या ग्रुपवर जो उठला त्याने शपथ घेतली की बैल घरी येतो, आजोबा दारात असतात. भुसावळचे कोणी दोघे म्हणाले की मरतो, पण रत्नाबाईंनी त्यांना मोजलं नाही. भुसावळच्या माणसाला रेल्वेच्या इंजिनाखेरीज काय दिसतं?

राहिला कौतिक. तो दाखवणारा. त्याच्या साक्षीपुढे कोण बोलणार?

कौतिक सोनवणे धुळ्याजवळच्या खेड्यातला. मिसरूड फुटायच्या आत तंबू टॉकीजच्या बैलगाडीमागे चालत निघाला तो सारंगखेडा, अमळनेर, मुक्ताईनगर अशा यात्रा करत हिंडत राहिला. आधी खुंट्या ठोकल्या, मग तिकिटं फाडली, मग मशीनवर बसला. पावसाळ्यात तंबू गुंडाळलेले असत. पण असोद्याला पोळ्याच्या सुमारास जिनिंगचं शेड रिकामं असायचं, कापूस यायला अवकाश असे, म्हणून पोळ्याच्या संध्याकाळी तिथे सिनेमा लागायचा. दुपारी बैलांना पुरणपोळी, संध्याकाळी माणसांना 'रुपीचा पवळ्या'. मशीन एकच, रीळ बदलायला वेळ लागे, तेवढ्यात बायका पोरांना मुतवून आणत. पुढे तंबू गेले, कौतिक जळगावच्या एका थिएटरात लागला, थिएटर पाडून दुकानं झाली तेव्हा मंगल कार्यालयात वॉचमन झाला. आता जळगावातच पिंप्राळ्यात मुलाच्या घरी असतो, आणि गच्चीवर असतो.

पण त्या सकाळी तो खाली ओट्यावरच सापडला. भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. रत्नाबाईंना रिक्षातून उतरताना पाहून तो उठू लागला, पण पळायला जागा नव्हती.

"या अक्का. जय भीम. शिल्पा, चहा टाक."

"चहा नंतर. हे वाचा."

"चष्मा वर आहे. तुम्हीच वाचा. आवाज तुमचा आहेच मोठा."

रत्नाबाईंनी उभ्याउभ्या पत्र वाचलं. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालायची थांबली. सूनबाई शिल्पा दारात पदराआड हसत होती. पत्र संपलं तेव्हा कौतिकने एक शेंग फोडली, दाणे नीट तळहातावर घेतले.

"पत्र झकास शे."

"झकास राहू द्या. येता ना?"

"येतो. पण ते वाक्य नाही बोलणार."

"का? जिभेला काय झालं?"

"मरतो ना तो, अक्का."

"कोण?"

"पवळ्या. विहिरीवर. रुपीच्या मांडीवर डोकं ठेवून. लई चांगला मरतो. मी धुळ्याला तंबूच्या मालकासोबत पाहिला होता, आधी एकदा."

रत्नाबाई ओट्यावर बसल्या. शेंगांच्या टरफलांवर बसल्या, तेही त्यांना कळलं नाही.

"मग आम्ही पाहिलं ते काय होतं?"

"ते मी जोडलेलं."

आणि कौतिकने सांगितलं. पहिल्या वर्षी मालकाने रिळं असोद्याला रवाना केली तेव्हा पोळा आहे हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. शेडमध्ये मशीन लावल्यावर कौतिकला बाहेरून घुंगरांचा आवाज आला. बैल मिरवत होते, झुली घालून, शिंगांना बेगड लावून. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्याला वाकडा शब्द बोलत नाहीत. आणि हा त्याच लोकांना बसवून बैलाचं मढं दाखवणार! लग्नघरात तिरडी आणल्यासारखं. त्याने कात्री घेतली, शेवटच्या रिळातलं मरण कापून काढलं. पण मग सिनेमा संपेचना, मधेच तुटायचा. म्हणून दुसऱ्या रिळातला, आजोबा पवळ्याला बाजारातून घरी आणतो तो तुकडा कापला आणि शेवटी चिकटवला.

"आणि आजोबा?" रत्नाबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"त्याला कसा कापू? कासरा त्याच्या हातात. म्हटलं, कोणी विचारलं तर बघू. आजपर्यंत कोणी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी गावाने तोच मागितला, मग तोच चालू."

"मी पेपरात लिहिलंय हो त्या आजोबावर!"

"शिल्पाने वाचून दाखवलं. मग फोन कोणत्या तोंडाने उचलू? तुमचा नंबर दिसला की हसू यायचं. हसू आलं की गच्चीवर जायचो."

शिल्पा आत पळाली. रत्नाबाईंना एवढा संताप आला की क्षणभर कोणावर करावा तेच कळेना. युवराजवर करावा तर तो खरा निघाला. कौतिकवर करावा तर... त्यांनी एक वाट काढली.

"तुम्हाला पोरांची दया आली म्हणायची. आम्ही रडू नये म्हणून."

"दया?" कौतिक पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघून बोलला, आणि त्याच्या तोंडी थेट गावची बोली आली. "अक्का, मार कोनले पडता? मालक तं धुयाले व्हता. मशीनजवळ मी. आम्ही नुकते बौद्ध झालेलो, मेलेली ढोरं ओढायची, गावकीची कामं सोडलेली, म्हणून गावोगाव लोक आधीच तापलेले. त्यात सणाच्या दिवशी मी बैल मारून दाखवायचा? पहिली काठी तुमच्या आबांची पडली असती."

"आबा तसे नव्हते," रत्नाबाई सवयीने वडिलांची बाजू घेत म्हणाल्या.

कौतिकने आणखी एक शेंग फोडली. त्याने फोडलेले दाणे त्यांच्यापुढे केले. रत्नाबाईंनी घेतले आणि खाल्ले नाहीत. आबा कसे होते ते त्यांना ठाऊक होतं. त्या घरात वाढल्या होत्या.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. अर्धं असोदा लोटलं होतं, पुढच्या रांगेत झुलाल पाटील मिशीवर हात ठेवून. कौतिक आला नाही. गुडघा खरंच धरला होता, आणि रत्नाबाईंनीच सांगितलं होतं, "बसा घरी, मी बघते." काय बघणार होत्या ते रिक्षात बसेपर्यंत त्यांचं ठरलं नव्हतं. माझी प्रकृती बरी नाही म्हणून परत धुळ्याची गाडी धरता आली असती. किंवा गप्प बसून युवराजला बोलू देता आलं असतं, म्हातारीची गल्लत म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. पण म्हातारीची गल्लत म्हणवून घेणं त्यांना बैलाच्या मरणाहून कठीण होतं.

त्या उभ्या राहिल्या. "मी पेपरात लिहिलेलं चूक आहे. पवळ्या मरतो. युवराजने बरोबर लिहिलं."

"अक्का, काहीही काय!" झुलाल उठला. "आजोबा दारात होते की! मी ह्या डोळ्यांनी पाहिले!"

"खाली बस, झुलाल. तू पाहिलेस, मीही पाहिले. आपण कौतिक सोनवणेने कापून जोडलेला सिनेमा पाहिला." आणि त्यांनी सगळं सांगितलं, कात्रीसकट. काठीपाशी आल्यावर त्या थांबल्या. पुढच्या रांगेत सगळी माहेरची माणसं. "भीतीने जोडला त्याने. भीती आपली होती. आमच्या आबांनी त्याला झोडपला असता. झुलाल, तुझ्या काकांनीही."

सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. झुलाल बसला. मागच्या रांगेतला एक म्हातारा मात्र मोठ्याने म्हणाला, "हा, मारलाच असता," आणि शेजारच्याने त्याला कोपर मारलं.

युवराज मोठ्या मनाने हसला. पोरगा वाईट नव्हता, हीच अडचण. "म्हणजे बाई, तुमचा आवडता सिनेमाही एका अर्थी रिमेकच होता. मग रिमेक मूळच्या तोडीचा होऊ शकतो, हे तुम्हाला मान्य?"

"होऊ शकतो. आम्ही दर पोळ्याला बघत होतो. तुमचा नाही झाला."

"पण शेवट तर मी मूळचाच ठेवला!"

"शेवट ठेवलात, बैल कुठे ठेवलात? पापण्या मरताना कोण रडणार? कुंदाबाई रडल्या, पण त्या साबणाच्या जाहिरातीलाही रडतात. त्या कौतिकच्या हातात एक कात्री होती आणि समोर कोण बसलंय ते त्याला माहीत होतं. तुमच्याकडे सगळं आहे आणि समोर कोण बसलंय ते तुम्ही विचारलंच नाही."

टाळ्या पडल्या. त्या रत्नाबाईंना आवडल्या नाहीत. टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे 'आबा' शब्दापाशी खाली बघत होते.

दुसऱ्या दिवशी चक्क कौतिकचा फोन आला, त्याने स्वतः लावलेला. असोद्यातून दोघे येऊन गेले होते. एकाने शाल आणली होती, दुसरा नुसताच सिनेमातल्या आजोबांबद्दल विचारत बसला होता. ते सांगून झाल्यावर तो जरा घुटमळला.

"अक्का, तो नवा सिनेमा मला दाखवता का?"

"त्या भंगाराला मी पुन्हा पैसे घालू? वेड लागलंय?"

"असू द्या भंगार. त्यात मरतो ना तो, पूर्ण? मी एकदाच पाहिलं होतं, मग जन्मभर कापलेलंच चालवलं. एकदा पडद्यावर पाहायचं होतं, कात्री न लावता."

रत्नाबाई म्हणाल्या, "शुक्रवारी येते. पांढरा शर्ट घाला."

गुरुवारीच जळगावातून सिनेमा उतरला. धुळ्याला सकाळचा एकच खेळ राहिला होता. कौतिकला एसटीने आणणं शक्य नव्हतं, म्हणून रत्नाबाईंनी गाडी ठरवली. तर त्या दिवशी शिल्पाला त्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं. पुढच्या आठवड्यात रत्नाबाईंच्या भाच्याचं लग्न निघालं आणि तोवर धुळ्यातूनही पवळ्या गेला. मग तो मोबाइलवर आला. रत्नाबाईंनी चिडून फोन केला, "अहो, शिल्पाच्या मोबाइलवर बघा, एकदाचा संपवा विषय."

"अक्का, वीतभर काचेत बैल मरतो का?"

"मग काय करू? थिएटर बांधू?"

"बांधा," कौतिक म्हणाला आणि हसत राहिला.

मोठा पडदा भाड्याने देणारा कोणी मिळतो का बघते, असं म्हणून रत्नाबाईंनी फोन ठेवला. तसा एक माणूस धुळ्यातच, देवपुरात राहतो असं कुंदाबाईंनी सांगितलं होतं. देवपूर काही लांब नाही. अजून जाणं झालेलं नाही.