जळकोटच्या गिरणीतली खोड

शांतलिंग मास्तरांचा कशावरच विश्वास नव्हता. दुकानातून आणलेलं तेल ते पांढऱ्या फडक्यातून गाळत, गाळलेलं पुन्हा उजेडात धरून बघत आणि तरीही ‘ह्यात कायतरी पाणी मुरतंय’ असं पुटपुटत. दुसऱ्यानं आवळलेला नट स्वतः एकदा फिरवून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांची बायको लक्ष्मम्मा म्हणायची, “ह्यांनी लग्नात अक्षतासुदीक निवडून घेतल्या हुत्या.”

निजामाच्या अमलातली, एकोणीसशे शेहेचाळीस सालातली ही गोष्ट. तुळजापुरात एका पत्र्याच्या शेडात मास्तर तेलाची इंजिनं चालवायला आणि दुरुस्त करायला शिकवीत. शिकणारे बाप्येच असत. कुणी मेंढरं विकून आलेला, कुणी भावकीला कंटाळून आलेला. त्यांना मास्तर पहिल्याच दिवशी सांगत, “इंजिनावर भरवसा ठिवणारा मिस्त्री एक दिवस बोटं घालवून बसतो. नट बघा, पट्टा बघा, तेल बघा. समद्यांवर संशय घ्या.”

शिकवणं सोपं होतं. शिकून झालेल्या माणसाला काम मिळवून देणं हे खरं दुखणं. ते काम मास्तरांना कुणी सांगितलेलं नव्हतं, पण सहा महिने हात काळे करून माणूस पुन्हा मेंढरांमागं गेलेला त्यांना बघवत नसे. म्हणून ते सायकलवर टांग मारून वाशीपासून माकणीपर्यंत पिठाच्या गिरण्या पालथ्या घालत. गिरणीवाले त्यांना बघूनच सावध होत. वर्गाच्या कागदावर सरकारी शिक्का होता आणि मजकूर उर्दूत. दिवस वाईट होते. शिक्क्याचा कागद घेऊन येणारा माणूस इंजिन चालवायला आलाय की घरात कोण येतं-जातं ते बघायला, कुणी सांगावं?

मग मास्तरांनी कागद दाखवणंच सोडून दिलं. गिरणीच्या बाहेर बसायचं, घटकाभर इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि मालकाला सांगायचं, “तुमचा पट्टा उद्या तुटतोय बगा.” दुसऱ्या दिवशी पट्टा तुटे. यानं काही मालक खूश झाले. बाकीच्यांना वाटलं, यानंच काहीतरी करणी केली. तरी दोन वर्षांत हळूहळू सात गिरण्यांवर त्यांची माणसं लागली. प्रत्येकाच्या मागं मास्तरांचा शब्द होता आणि तेवढाच होता.

सर्वांत चिवट निघाले जळकोटचे महांतप्पा. लिंगायत, सचोटीचे, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे आणि नजर अशी की समोरच्याला आपण काही चोरलंय की काय असं वाटावं. पाच खेपांनंतर ते मनातलं बोलले.

“मास्तर, अडाणी माणूस पीठ चोरंल. तेवढं चालतंय. पर शिकल्याला माणूस इंजिनात खोड करून ठिवतो. मंग त्याच्याबिगर गिरणी हलत न्हाय, आन् आमी त्याचं नोकर.”

“अप्पा, बब्रुवान तसला न्हाय. म्या शब्द देतो.”

“खोड निघाली तर?”

“तर बाकीच्या साती गिरण्यांवरची माणसं म्या सोता काढून नेतो.”

हे बोलताना मास्तरांची स्वतःचीच जीभ जरा अडखळली. पण बोलून गेले. बब्रुवान धनगराचा, पस्तिशीचा, कमी बोलणारा. वर्गात त्याच्याएवढा तयार हात दुसरा नव्हता. जाताना मास्तरांनी त्याला स्वतःचा पाना दिला.

तीन महिन्यांनी निरोप आला: इंजिन बंद पडलंय, तुमचा शब्द घेऊन या.

मास्तर पोचले तेव्हा गिरणीपुढं पाट्या-पोत्यांची रांग लागली होती. तीन दिवस बायकांनी घरी जात्यावर दळलं होतं आणि त्यांच्या हाताला फोड आले होते. रांगेत बसलेली गजराबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, “मालकापरीस गड्याला जास्त कळाय लागलं की असंच व्हतं.” शेजारच्या बायांनी माना हलवल्या.

आत महांतप्पा एकटेच उभे होते. बब्रुवान हौदात पाणी भरायला विहिरीवर गेला होता.

“आठवडाभर आचके देत हुतं. आता मेलं,” महांतप्पा हळू आवाजात म्हणाले. “तवापासनं म्या त्याला इंजिनाला पाना लावू दिला न्हाय. त्यानं कायतरी काढून ठिवलंय मास्तर. तुमचाच माणूस. तुमीच बगा.”

मास्तर इंजिनाजवळ वाकले आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. आत तेल फवारणारी एक बोटाएवढी पितळी तोटी असते. ती दोन नटांनी बसवलेली असते आणि वर्षातून एखाद्या वेळी खोलावी लागते. इथं ते दोन्ही नट घासून चकचकीत झाले होते. कुणीतरी ते रोज खोलत होतं. गिरणीत नट खोलता येणारा माणूस एकच होता, आणि त्याला ते मास्तरांनीच शिकवलं होतं.

कोपऱ्यात बब्रुवानाचं गठुडं होतं. मास्तरांनी एकदा दाराकडं बघितलं आणि गाठ सोडली. घोंगडीचा तुकडा, दोन भाकरी, चटणीची पुरचुंडी. चटणीतही त्यांनी बोट घालून बघितलं. तळाशी धुतल्या फडक्यात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. त्यांनी घाईनं फडकं उलगडलं. आत त्यांनीच दिलेला पाना होता, तेल लावून पुसून ठेवलेला.

वर बघितलं तर दारात बब्रुवान उभा होता, दोन्ही हातांत भरलेल्या घागरी. तो उघड्या गठुड्याकडं बघून आत आला. हौदात पाणी ओतून पुन्हा विहिरीकडं गेला.

मास्तरांचा चेहरा उतरला. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी तोच पाना नटाला लावला. पाना फिरेना, घसरू लागला. त्यांनी नटावर बोट फिरवलं. नटाचे कोपरे गेले होते आणि त्यावर दातेरी ओरखडे उठले होते. बरोबर मापाचा पाना कोपरे खात नाही. हे पकडीचं काम होतं, नवशिक्याचं.

त्यांनी कशीबशी तोटी बाहेर काढली. भोक बुजलं होतं. आत पांढरं, मऊ, तेलात कालवलेलं काहीतरी होतं. पीठ म्हणावं तर चिकटेना. मास्तरांनी ते दोन बोटांत चोळलं आणि त्यांचा हात थांबला. रोज सकाळी आंघोळीनंतर हीच मऊ भुकटी ते स्वतः कपाळाला लावत होते.

ते महांतप्पांच्या कपाळाकडं बघतच राहिले.

“अप्पा, ही तोटी रोज घरी कोण नेतं?”

महांतप्पांनी आधी कानावर हात ठेवले. मग मास्तरांची बोटं बघितली आणि पोत्यावर बसले. बब्रुवानाच्या आधीच्या मिस्त्रीकडून त्यांनी एवढी एकच गोष्ट शिकून घेतली होती. तोटी नसली की इंजिन कुणालाच चालू करता येत नाही. म्हणून गिरणी बंद केली की ते ती काढत, घरी देव्हाऱ्यात भस्माच्या डब्यात खुपसून ठेवत आणि बब्रुवान यायच्या आधी बसवत. भस्माच्या डब्याला घरात दुसरं कुणी शिवत नसे. एवढी सुरक्षित जागा आख्ख्या जळकोटात नव्हती.

“लोकांत बोलू नगा,” ते म्हणाले. “तेलात कचरा हुता म्हणा. माज्या पावण्यांच्या दोन गिरण्या हायती, तिथंबी तुमची माणसं लावतो.”

दोन गिरण्या! शेडात दोन माणसं कामाची वाट बघत बसली होती. मास्तरांना मोह झाला, अगदी खरा मोह झाला. पण तेल गाळायचं काम बब्रुवानाचं. तेलात कचरा म्हटलं की खापर फुटणार त्याच्याच डोक्यावर, आणि बाहेर गजराबाई बसलेली.

“न्हाय अप्पा. तुमी सोता भाईर येऊन सांगा. न्हाय तर म्या सांगतो.”

महांतप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. मग पागोटं नीट करून बाहेर गेले आणि रांगेसमोर उभे राहून म्हणाले, “खोड माजी हाय. गड्याची न्हाय.” सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लोक हसले. गजराबाई तर पदर तोंडात धरून हसली. घागरी घेऊन आलेल्या बब्रुवानापुढं महांतप्पांनी हात जोडले आणि कमरेची गिरणीची किल्ली सोडून त्याच्या हातात दिली. “म्या तुज्यावर उगा संशय घेतला, बाबा.”

तासाभरात इंजिन ठोके देऊ लागलं. मास्तरांनी आवाज ऐकला, त्यात काही कसर नव्हती. ते सायकलपाशी गेले. बब्रुवानाशी काहीतरी बोलायला हवं होतं. महांतप्पा बोलले तेवढं तरी. पण उभ्या जन्मात ज्यांनी नटापुढंसुद्धा माघार घेतली नव्हती, त्यांना शब्द सापडेनात. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि ती सांगायचीही लाज वाटत होती.

“बरं हाय, बब्रुवाना. येतो म्या,” एवढंच ते म्हणाले.

“थांबा मास्तर.”

बब्रुवान आत गेला आणि गठुडं घेऊन आला. सायकलसमोर धुळीत बसून त्यानं गाठ सोडली. घोंगडी झटकली, भाकरी मांडल्या, चटणीची पुरचुंडी उघडून ठेवली. मग फडक्यातून पाना काढून मास्तरांच्या पायाशी ठेवला.

“मालकांनी संशय घेतला, त्येंचं काय न्हाय. त्येंनी मला कुठं शिकिवलं हुतं?” तो शांतपणे म्हणाला. “तुमी मघाशी घाईत हुता. आता नीट बगून घ्या.”