टाच चढवलेल्या वहाणा

"डॉक्टरांनू, हो पिऊन देव धरता! सरावाक तरंग कलांडलो, सगळ्या गावान बघल्यान!"

बापू मानकरी भर ओपीडीत ओरडत होते. शेजारी सोनू मान खाली घालून उभा. चाळिशीचा शेतकरी, आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला. माझं डोकंच फिरलं.

साठ सालच्या सुमाराची गोष्ट. कुडाळकडच्या एका दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट होतो. गावाच्या लेखी 'मालिशवालो', आणि डॉक्टरांच्या लेखीही तेवढाच. विलायतेहून शिकून आलेल्या एका सरांकडे मुंबईत मी ऑस्टिओपथी शिकलो होतो. म्हणजे हातांनी स्नायू आणि सांधे मोकळे करून शरीराचा तोल सावरायचा.

तरंग म्हणजे लुगडी नेसवलेला देवाचा उंच खांब. कमरेला कापड घट्ट बांधून त्यात बुडखा टेकवायचा आणि वाजतगाजत चालायचं. तो धरायचा मान सोनूच्या घराण्याचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा.

"ह्या दसऱ्याक माझो पुतणोच तरंग धरतलो," बापूंनी जाहीर केलं. दसरा बारा दिवसांवर होता. सोनूचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी सोनूला आडवं करून टेप लावली. "उजवा पाय पाऊण इंच आखूड. त्या वहाणेला टाच चढवून घे. नेक्स्ट!"

"सर, पाय आखूड नाही. खुब्याचा स्नायू आखडून कंबर ओढली गेलीय. एकदा उभं करून तर बघा!"

"तुम्ही मालिश करा हो."

पाच दिवसांनी सोनू लंगडतच परत आला. सरावाला तरंग पुन्हा कलला होता.

"वहाणा घातल्या होत्यास ना?"

"साहेबांनू, व्हाणो घालून देव कोण धरता ओ? शेतातय घालूक येणत नाय. मगे घालू खंय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मी याच मातीतला, लहानपणापासून तरंग बघत आलेला. वहाणा करायला सांगितल्या तेव्हा हे माझ्याही डोक्यात येऊ नये? डॉक्टरांवरचा अर्धा राग मी स्वतःवर काढला.

भातलावणीत चिखलात सोनूचा पाय घसरला होता, तेव्हापासून तो एका कुशीवर झुकून चालत होता. कण्यापासून निघून ओटीपोटातून मांडीच्या हाडाला लागणारा एक जाड स्नायू असतो. तो आखडला की कंबर वाकडी होते आणि तिच्यावरचा सगळा माणूस कलतो. मी त्याला टेबलाच्या कडेला उताणा झोपवला, उजवा पाय खाली सोडला. मांडीवर हात ठेवून म्हणायचो, "माझ्या हाताला हळू वर ढकल. आता सोड." सोडला की मी पाय आणखी बोटभर खाली न्यायचो. जोर लावून थकलेला स्नायू सैल सोडला की सहज ताणला जातो, एवढीच त्यातली युक्ती.

पहिल्या दिवशी तो उजव्या पायावर क्षणभरही उभा राहीना. चौथ्या दिवशी झाडासारखा उभा. पण नुसतं उभं राहून काय उपयोग? मी लांब बांबूला ओलं लुगडं गुंडाळलं, त्याच्या कमरेला टेकवला आणि दवाखान्याच्या अंगणात त्याला अनवाणी चालवलं.

"हा काय तमाशा?" डॉक्टर खिडकीतून गरजले.

"टेस्ट आहे, सर. तुमच्या टेपपेक्षा बरी!"

मेमो मिळाला. मिळू दे!

तरंगांच्या शेवटच्या सरावाला मी स्वतः सोनूबरोबर गेलो. त्याने खांब सरळ धरलेला बघून गावाने बापूंच्या पुतण्याला बाजूला केलं. दसऱ्याला सोनू देवळापासून आपट्यापर्यंत ताठ चालला. लुगड्यांची घडीसुद्धा हलली नाही.

"देवीन माफ केल्यान तेका," बापू म्हणाले.

"देवीने काय माफ करायचं? प्यायलेला म्हणालात त्याला! माफी तुम्ही मागा!"

बापू नारळ फोडायला निघून गेले.

पुढच्या आठवड्यात केसपेपरवर डॉक्टरांचा शेरा दिसला: 'टाच चढवली. उत्तम गुण.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात सोनू आला. त्याने पिशवीतून वहाणा काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. टाचेला मातीचा कण नव्हता.

"कोऱ्यो आसत, साहेबांनू. आखूड पायाचो कोण इलो तर तेका दिया."

डॉक्टरांनी वहाणा कपाटाखाली सारल्या. शेरा खोडला नाही. पाय मोजण्याआधी तो दिवसभर कुठे पडतो ते विचारावं, हे मी तिथे शिकलो. डॉक्टर काहीच शिकले नाहीत.