आम्ही फिरायलाच गेलो होतो

"तुम्ही लोक? फिरायला?"

विम्याच्या खिडकीमागच्या माणसाने एवढंच विचारलं आणि तो हसला. माझ्याकडे पाहून नव्हे, शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहून. मी खिडकीबाहेर उभा होतो. आत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. माझ्या आधीच्या गृहस्थाला त्याने आत बोलावून बसवलं होतं आणि पाणी मागवलं होतं. वरच्या मजल्यावर माझी सात वर्षांची नात रोशनी बेशुद्ध होती.

समुद्रकाठच्या त्या शहराचं आणि त्या खाजगी दवाखान्याचं नाव मी इथे लिहीत नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे आणि कायदा मला कळतो.

त्याने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. पहिल्यांदा त्याला नीट ऐकू आलं होतं. आडनाव दोनदा का विचारतात हे मला या वयात कोणी समजावून द्यायला नको. मग पत्ता. बालाघाट, मध्य प्रदेश. मग मराठी कशी बोलता, हा प्रश्न. माझा मुलगा विनोद मागे उभा होता. तो म्हणाला, "साहेब, आमची बोलीच मराठी हाय. पोरीले लय ताप हाय, तुम्ही लवकर सही करा न."

"पोरीले," तो माणूस त्या मुलीला म्हणाला. ती खाली पाहून हसली.

मग त्याने पेनाचं टोक विनोदच्या अर्जावरच्या एका शब्दावर ठेवलं. शब्द होता सहल. "हे खोडा," तो म्हणाला. "तिकडे दवाखाने नाहीत म्हणून आजारी मूल इकडे आणलंत, तसं लिहा. पॉलिसी काढायची आणि मूल घेऊन यायचं. असे फार येतात आमच्याकडे."

विनोद बालाघाटला ट्रॅक्टरच्या एजन्सीत सुटे भाग विकतो. ती पॉलिसी त्याच्या नावावर होती आणि तिला दुसरं वर्ष चालू होतं. सहलीसाठी त्याने वर्षभर एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी कामावर जाऊन सुट्या साठवल्या होत्या. माझा बाप भरवेलीच्या खाणीत मँगनीज फोडत मेला. त्याच्या हाताच्या रेघांतला काळा रंग चितेवरही गेला नव्हता. त्याने समुद्र पाहिला नाही. मी पाहिला, साठी उलटल्यावर, नातीचा हात धरून. ती पाण्यात शिरून लाटेला शिव्या देत होती, "ए भैताड, परत ये." तिच्या आईने, माझ्या सुनेने, सुनंदाने, तिला दोनदा ओढून बाहेर काढलं. हे पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी होडी, किल्ला, भाजलेलं कणीस. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी थरथरायला लागली आणि संध्याकाळपर्यंत आईला ओळखेनाशी झाली. डॉक्टरांनी रक्त तपासून मेंदूचा मलेरिया सांगितला.

म्हणजे सहल झाली होती. ती खोडायची कशी?

मी तो शब्द खोडला नाही. पण दुसरी एक चूक केली, आणि ती माझी मीच मान्य केली पाहिजे.

मी बालाघाटच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा माणूस. तीस वर्षं एक टेबल, एक टाइपरायटर आणि वर ताडपत्री. जमिनीचे फेरफार, जन्माचे दाखले, अपील, तक्रारी, हिंदीत आणि मराठीत. लोकांना मी एकच सांगत आलो, कागद फेकू नका. घरात आलेला प्रत्येक कागद मी जपला. त्यात रोशनीच्या नावाच्या एका फाइलीत मलेरियाच्या चिठ्ठ्याही होत्या.

त्या चिठ्ठ्या काय असतात हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्या जिल्ह्यात जंगल आहे, पाणी आहे, डास आहेत. मलेरियाचा कार्यकर्ता सायकलवर येतो आणि गल्लीतल्या घरोघर बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काचेवर घेतो. ताप असो वा नसो. एका घरात कोणी तापला तर आजूबाजूच्या सगळ्या घरांचं रक्त घेतो. नावाची चिठ्ठी देतो आणि दाराच्या चौकटीवर गेरूच्या खडूने आल्याची तारीख लिहून जातो. रक्तात काही निघालं तर तो गोळ्या घेऊन परत येतो. रोशनीसाठी तो एकदाही परत आला नव्हता. बाकीचे लोक त्या चिठ्ठ्यांत भजी बांधतात. मी त्यांना भोक पाडून दोऱ्यात ओवल्या.

त्या खिडकीवर मी ती फाइल स्वतःहून दिली. मला वाटलं, खरेपणा दाखवायला एवढा कागद पुरे. त्याने चिठ्ठ्या उलटल्या. त्याचा चेहरा उजळला. आमची कीव आली म्हणून तो उजळला असं त्या क्षणी मला वाटलं. तीस वर्षं कचेरीबाहेर बसलेल्या माणसाला असं वाटावं.

"ही तर जुनी पेशंट आहे," तो म्हणाला आणि फाइल झेरॉक्सला पाठवली.

विम्यातून परस्पर बिल भरायला कंपनीने नकार दिला. विनोदने मालकाला फोन करून उचल मागितली आणि पैसे भरले. रोशनी वाचली. घरी आल्यावर महिनाभर चालताना तिचा तोल जायचा, आणि शाळेत पोरं तिला लंगडी म्हणायची. मग तेही थांबलं.

मी दावा दाखल केला. नोंदणीकृत टपाल, पोचपावतीसह. महिन्याभराने जबलपूरहून कंपनीचा तपासनीस आला. आमच्या घरी येण्याआधी तो गल्लीत शिरला. दावा आमचा, आणि प्रश्न शेजाऱ्यांना. पाच घरं विचारून झाल्यावर सहावं आमचं. समोरच्या कौसल्याबाईंना त्याने विचारलं, बच्ची कब से बीमार थी.

"बिमार? हौ, एकदा माह्या पेरूच्या झाडावरून पडलती," कौसल्याबाई म्हणाल्या. "चोरून खात होती. लेहा तुमच्या कागदात."

त्याने लिहिलं नाही. आमच्या चौकटीवरच्या गेरूच्या तारखांचे फोटो मात्र काढले. मग आत बसून सुनंदाने दिलेला चहा प्यायला आणि तिला विचारलं, "बच्ची बीमार नहीं थी, तो घूमने जाते वक़्त खून की पर्चियाँ क्यों ले गए?"

सुनंदा माझ्याकडे पाहू लागली. फाइल मी नेली होती. उत्तर मी द्यायचं होतं. खरं उत्तर असं होतं की आमच्यासारख्यांना कुठेही, कशासाठीही कागद मागतात, म्हणून आम्ही अंगावरच्या कपड्यासारखे कागद घालून निघतो. तुम्ही सहलीला चष्मा नेता, आम्ही दाखले नेतो. पण त्याच्या नमुन्यात असं उत्तर लिहायला जागा नव्हती. मी म्हणालो, सवय आहे. त्याने लिहिलं, समाधानकारक उत्तर नाही. मी उलट्या बाजूने वाचलं. उलटं वाचणं माझ्या धंद्यात शिकावं लागतं.

नकाराचं पत्र आलं. त्यातली तीन वाक्यं मला पाठ आहेत. बालिका पॉलिसीच्या पूर्वीपासून वारंवार मलेरियाग्रस्त होती. ही बाब आईवडिलांनी लपवली. आणि प्रवास पर्यटनासाठी नसून उपचाराच्या उद्देशाने करण्यात आला.

खिडकीवरचं ते हसू आता टंकलिखित होऊन, शिक्क्यासह, आमच्या घरात आलं होतं.

मी अकरा पत्रं लिहिली. मलेरिया हा मधुमेह नव्हे की एकदा लागला तो राहिला; प्रत्येक वेळी नवा डास चावतो. चिठ्ठी ही रक्त घेतल्याची पोच आहे, आजाराचा पुरावा नव्हे. आजार आधीपासून होता असं जो म्हणतो, ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. मुद्दे, पोटमुद्दे, सोबत जोडलेल्या प्रती. उत्तर एकच आलं, आपलं पत्र मिळालं.

बारावं पत्र घेऊन मी बालाघाटच्या शाखा कार्यालयात स्वतः गेलो. एका भाड्याच्या घराच्या खालच्या मजल्यावर ते आहे. दारात थांबलो तो थांबलोच. चौकटीवर गेरूने तारखा लिहिल्या होत्या. तोच कार्यकर्ता, तेच वळण. आमच्या दारावर होत्या त्यांतल्या बऱ्याच.

मी मागे फिरलो आणि फोटो स्टुडिओतल्या ओळखीच्या माणसाला घेऊन आलो. फोटो निघाला. मग आत गेलो. शाखाधिकारी मृदू बोलणारा माणूस. त्याने बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो आणि विचारलं, "साहब, आपका दफ़्तर कब से बीमार है?"

त्याला कळलं नाही. मी त्याला दारापर्यंत नेऊन तारखा दाखवल्या. माझ्या आवाजात विजय होता हे मी नाकारत नाही. तो म्हणाला, वर कळवतो.

दहा दिवसांनी पोचपावती आणायला गेलो तेव्हा त्या चौकटीला ताजा हिरवा रंग होता. बाकी दारं-खिडक्या जुन्याच, विटकरी. योगायोग असू शकतो. मी मानत नाही. त्यानंतर मी कंपनीच्या प्रत्येक सरळ गोष्टीकडे तिरपं पाहू लागलो. लिफाफा आला की आधी तो उजेडात धरू लागलो.

पुढचा लिफाफा त्या शाखाधिकाऱ्याने माणसाकरवी घरी पाठवला. कंपनी पूर्ण रक्कम द्यायला तयार होती. मानवतेच्या दृष्टिकोनातून. सोबत एक छापील मसुदा, विनोदच्या सहीसाठी. त्यात लिहिलं होतं की पूर्वीच्या आजाराची माहिती आमच्याकडून दिली गेली नाही हे आम्ही मान्य करतो आणि याबाबत पुढे कोणतीही तक्रार करणार नाही.

विनोदने मसुदा वाचला. मालकाची उचल दर पगारातून कापली जात होती. तो म्हणाला, "बाबा, सही करून टाकतो. पोरगी वाचली, पैसे भेटून राह्यले. अजून काय पाह्यजे तुम्हाले?"

मी काय म्हणालो असेन? इथे मला खोटं लिहिता येईल. वाचणाऱ्याला कळणार नाही. पण बारा पत्रं लिहिणारा मी, मी खिशातून पेन काढून त्याच्यापुढे धरलं. वय झालं होतं, मुलाचा पगार अर्धा येत होता, आणि कुठेतरी मला वाटत होतं की चौकटीचा फोटो काढून माझी बाजू मी जिंकलेलीच आहे.

सुनंदा भाकरी टाकत होती. ती तव्यावरची भाकर तशीच ठेवून आली. या सगळ्या महिन्यांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तपासनिसाने विचारलं तेवढंच. मीही नाही. बारा पत्रांत तिचा उल्लेख 'बालिकेची आई' एवढाच होता.

"लपवलं म्हणून लेहलं हाय न त्यात?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"म्हणजे कोणी लपवलं? डॉक्टरले कोणं सांगितलं होतं, का परवा पोरगी चांगली पाण्यात खेळून राह्यलीती? मी सांगितलं. मी खोटी, असं लेहून देता का तुम्ही दोघं?"

विनोद म्हणाला, कागदात तुझं नाव नाही.

"तिले आई एकच हाय," सुनंदा म्हणाली.

भाकर करपल्याचा वास आला. कोणी उठलं नाही.

त्या क्षणी मला जे कळलं ते मी नीट लिहितो. तीस वर्षं मी लोकांना कागद जपायला शिकवलं आणि सही करायलाही शिकवलं. कचेरीत आलेल्या बाईला सांगितलं, बाई, शब्दांकडे पाहू नका, काम होतंय ना, अंगठा द्या. किती जणींनी माझ्या सांगण्यावरून स्वतःला खोटी, वेडी, कर्जबुडवी, सोडलेली असं लिहून दिलं असेल याची नोंद माझ्याकडे नाही. खिडकीवरच्या माणसाने आमचा अपमान केला. त्या अपमानाला सहीची गरज असते, आणि सही मिळवून देणारा माणूस मीच होतो.

मी पेन परत खिशात ठेवलं. मसुद्यावर लाल शाईने आडवं लिहिलं, अमान्य. विनोद ताडकन उठून बाहेर गेला. तो माझ्याशी दोन महिने बोलला नाही, आणि ज्या दिवशी तक्रारीवर सही केली त्या दिवशीही माझ्याकडे न पाहता केली.

ग्राहक मंचात, ज्याला आमच्याकडे उपभोक्ता फोरम म्हणतात, तक्रार मुदतीत दाखल आहे. रकमेची मागणी त्यात दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिली मागणी अशी की आईवडिलांनी आजार लपवला हे वाक्य कंपनीने लेखी मागे घ्यावं. कंपनीचा वकील तारखांवर तारखा घेतो आहे. मध्यंतरी त्याने मला बाहेरच्या बाकावर गाठून सांगितलं, वाक्याचे पैसे मिळत नाहीत, आजोबा. रक्कम उद्या उचला. मी त्याला सांगितलं, मी आजोबा रोशनीचा आहे, तुमच्यासाठी तक्रारदारांचा प्रतिनिधी.

आता त्याने सुनंदाच्या उलटतपासणीची परवानगी मागितली आहे. खेड्यातली बाई आहे, गडबडेल असा त्याचा हिशेब. मंचाने परवानगी दिली. ओळखीचे लोक मला म्हणतात, उत्तरं लिहून पाठ करून घ्या तिच्याकडून, तुमचं तर कामच ते.

मी एकही उत्तर लिहिणार नाही. तिला जे विचारतील त्याला ती तिच्या बोलीत उत्तर देईल, आणि तिचा शब्द जसा निघेल तसाच नोंदीत उतरवा, असा अर्ज मी काल दिला. नोंदीत तो बदलला तर मी वर जाईन. वर बदलला तर त्याच्याही वर. रक्कम आली तरी हे प्रकरण मी मागे घेणार नाही.