ओला दोर

ओल्या दोराचा वास आला की मला रेणापूरकडचं आमचं गाव आठवतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळानं गावची विहीर तळाला गेली होती. पाणी उरलं होतं ते आमच्या बौद्धवाड्यातल्या आडाला. मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकत होते. ओट्यावर बसून न्याय आणि दया यांतला फरक पाठ करत होते, तेवढ्यात गावातली एक म्हातारी घागर घेऊन आली. माझ्या लहानपणी हिनंच आम्हांला विहिरीच्या दोराला कधी हात लावू दिला नव्हता. ती वरून ओतायची, आम्ही खाली उभ्या राहायचो. आताही ती लांबच थांबली नि म्हणाली, "ओत गं बाई थोडं." चुलती फणकारली, "देऊ नको. लई सोसलंय आपण." आई म्हणाली, "मी ओतणार न्हाई. या, दोर धरा, शेंदून घ्या." म्हातारी घुटमळली, मग पुढं झाली. भरलेली बादली तिला एकटीला ओढवेना, तसा आईनंही तोच दोर धरला. आता मी हाच विषय शिकवते. पुस्तकात न्याय आणि दया हे दोन वेगळे धडे आहेत. त्या दिवशी बादली वर येत होती तेव्हा त्यातला कुठला चालू होता, हे मला अजून मुलांना सांगता येत नाही.