बदलायची राहिलेली कॅसेट

कॅसेट बदलायची राहिली, असं मी तेव्हा कॉलेजात सांगितलं. विभागप्रमुख म्हणाले, "होतं असं." पुढे बायकोलाही तेच सांगितलं. ते खोटं होतं.

सत्तरीच्या दशकाची शेवटची वर्षं. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी तात्पुरता शिकवत होतो आणि सुट्टीच्या दिवशी टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून एसटीनं गावोगाव फिरत होतो. लढाईवरून आलेले जवान, न आलेल्यांची घरं, यांचं बोलणं टिपायचं काम. लोक यंत्राला बुजायचे. मग आधी कुणाचा तरी आवाज लावून दाखवायचा. हसायचे, आणि बोलू लागायचे.

मंद्रूपची म्हातारी हसली नाही. तिचा एकुलता एक मुलगा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झालेला. घरात ती आणि सून, दोघीच. सुनेच्या कपाळाला कुंकू, हातात हिरवा चुडा. मंगळवेढ्याहून तिचे वडील दरवर्षी न्यायला यायचे. त्यांच्यात विधवेचं दुसरं लग्न लावतात. म्हातारी त्यांना एकच सांगायची, पोरगा तिकडच्या तुरुंगात आहे, येईल.

"मावशी, दोन शब्द बोला," पहिल्या खेपेला मी म्हणालो.

"मी तुज्या आयची भन कवा झाले रं?" म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या खेपेला ओट्यावर शेजारणी होत्या. त्यांच्यादेखत म्हणाली, "गिधाड बी मेल्याबिगर उतरत न्हाय. ह्यो मास्तर बगा, आदीच येऊन बसलाय." बायका हसल्या. एसटीत उभ्यानं परत येताना ते हसू सोलापूरपर्यंत माझ्याबरोबर आलं.

मधल्या आठवड्यात वैरागला गेलो. तिथला एक जवान त्याच मुलाच्या पलटणीतला निघाला. यंत्रासमोर म्हणाला, "त्यो माज्या मांडीवर गेला. ठाणं सोडायचा हुकूम आला, तितंच ठिवून आलो. दवाखान्यातनं सुटलो की पैलं मंद्रूप गाठलं. आय भायेरच भेटली. म्हनली, सुनंला कळता कामा न्हाय." मग यंत्राकडे बोट करून, "हे तितं लावू नगा, सर." मी हो म्हणालो.

तिसऱ्या खेपेला मंद्रूपला उतरलो तेव्हा यंत्रात तीच कॅसेट होती. पिशवीत तीन कोऱ्या होत्या. आदल्या दिवशी घरी बसून मी ती नेमक्या त्या बोलण्यापाशी आणून ठेवली होती. विसरणारा माणूस एवढं करत नाही.

सून सुपात ज्वारी निवडत होती. "यंत्र कसं चालतं ते नुसतं दाखवतो," म्हणालो आणि बटण दाबलं. म्हातारीनं आवाज ओळखला. झटकन उठली, पण यंत्र बंद कसं करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

सून रडली नाही. "परत लावा," म्हणाली. परत लावलं. मग ती सासूकडे वळली. "आत्ती, तुमाला ठावं हुतं?"

म्हातारी हलक्या आवाजात कन्नडमधून काहीतरी बोलली.

"मराटीत बोला की. ह्यांना बी कळू द्या."

सुनेनं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन बोचकं बांधलं. पाया न पडता उंबरा ओलांडला आणि स्टँडाच्या वाटेला लागली.

एका तरुण बाईची आपण सुटका केली, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. तिचं लग्न झालं, असं कानावरही आलं. पण बटण दाबताना ती माझ्या मनात कुठंच नव्हती. मला त्या म्हातारीचं तोंड बंद झालेलं बघायचं होतं, बास.

ते झालं नाही. सून दिसेनाशी झाली तशी म्हातारी माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसली. "लाव तुजं यंत्र. काय इचारायचं ते इचार आता."

दुसरा कुणी उठून गेला असता. मी कोरी कॅसेट घातली आणि छापील कागदावरचा पहिला प्रश्न वाचला. घरात माणसं किती?

"सकाळपत्तूर तिगं हुतो," ती म्हणाली. "आता मी एकलीच."