सैल तारांचं वाद्य

१९६३ सालच्या खंडेनवमीला, दुपारची जेवणं झाल्यावर, बेंगळुरात बसवनगुडीतल्या आमच्या घरी एक वाद्य वाजलं. त्या वेळी त्याच्या सगळ्या तारा सैल होत्या. खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघांनीही ते ऐकलं.

मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक आहे. देवळातल्या चमत्काराची बातमी आली की ती कापून चार ओळींची करणं हे माझं काम. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहितो.

वाद्य माझ्या धाकट्या भावाचं, वसंताचं. लष्करात जाण्यापूर्वी त्यानं ते शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातून आणलं होतं. पोट सारंगीसारखं कातड्यानं मढवलेलं, मान सतारीसारखी लांब, वर कोरलेला पोपट. वाजवायच्या तारा तुटलेल्या. खालच्या बारीक तरफा तेवढ्या शाबूत. तरफा कोणी छेडत नाही. त्यांच्या स्वराचा आवाज जवळपास निघाला की त्या आपोआप गुणगुणतात... यात गूढ काही नाही. वसंता फाटकातून ‘बागिल!’, म्हणजे ‘दार!’, अशी हाक मारायचा, की बैठकीत त्यातली एक तरफ हमखास बोलायची. दुसऱ्या कुणाच्या हाकेला नाही. आमचे वडील, अप्पा, खुर्चीतूनच म्हणायचे, ‘‘सुशी, बागिल तेगी. आला तुझा नवरा.’’ मग सुशीला दार उघडायची.

आदल्या वर्षी, चीनच्या लढाईत, वसंता ईशान्य सीमेवर बेपत्ता झाला. कैदी सुटून आले, त्यांत तो नव्हता. त्याच्या शेवटच्या पत्रात सुशीलेला एक काम सांगितलेलं होतं — हे वाद्य कुठलं ते शोधून ठेव, मी आल्यावर सांग.

त्या दसऱ्याच्या आधी अप्पा म्हणाले, ‘‘सण होऊन जाऊ दे. मग त्याच्या क्रियेसाठी भटजींना बोलावतो. किती दिवस असं ठेवायचं?’’

सुशीलेनं कुंकू पुसलं नाही, रडलीही नाही. ‘‘मामंजी, आधी ह्याचं नाव कळू दे. त्यांनी विचारलंय.’’

‘‘आणि कळलं की?’’

‘‘मग तुम्ही म्हणाल तसं.’’

म्हणून मी बळेपेटेतल्या शेषप्पांना घेऊन आलो. वीणा दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. वाद्य मांडीवर घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. ‘‘पोट उत्तरेचं, खुंट्या आमच्या वीणेच्या. ह्याच्या आईबापांचं लग्न लावलं कुणी?’’ ते आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले. मी हसलो. सुशीला हसली नाही.

तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली कारागिराची खूण असू शकते, असं त्यांचं म्हणणं. घोडी काढायची तर सगळ्या तारा उतरवायला हव्यात.

‘‘ती एक राहू दे, अण्णा,’’ वसंताच्या हाकेला बोलणाऱ्या तरफेकडे बोट दाखवून सुशीला म्हणाली.

‘‘एकटी तार ताणून ठेवली तर कातडं फाटेल, अम्मा. स्वल्प धीर धरा.’’ त्यांनी सोबतच्या पेटीवर त्या तारेचा स्वर ताडून पाहिला. तो कुठल्याच पट्टीवर बसेना. दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी होता. ‘‘हा पुन्हा लावायचा तर ज्याच्या गळ्यातला आहे तोच पाहिजे,’’ ते म्हणाले. वसंताच्या हाकेबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

सुशीलाच शेवटी म्हणाली, ‘‘सरी. उतरवा.’’

घोडीखाली खूण नव्हती. घोडी परत बसवून, दसऱ्याला येऊन चढवतो म्हणत, तारा सैलच ठेवून शेषप्पा गेले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमीची आयुधपूजा — त्या दिवशी हत्याराला, वाद्याला हात लावायचा नाही. आमचा छापखानाही यंत्रांना हार घालून बंद होता. सकाळी अप्पांनी वाद्य देवासमोर पाटावर ठेवलं आणि प्रत्येक खुंटीला गंध लावलं, जिथं खुंटी लाकडात शिरते बरोबर तिथं. दुपारपर्यंत ते वाळून कडक झालं.

जेवणानंतर अप्पा खुर्चीत डोळे मिटून पडले होते. सुशीला सुपारी कातरत होती. मी खिडकीशी. तरफ बोलली. नेहमीची, नेहमीइतकीच...

‘‘सुशी, बागिल तेगी,’’ अप्पा डोळे न उघडता म्हणाले. आणि मग त्यांनी डोळे उघडले.

सुशीला दारात पोचलीसुद्धा होती. तिच्या मागून मी फाटकापर्यंत गेलो. रस्ता रिकामा. सणामुळे दुकानं बंद, सायकलसुद्धा नाही. हाक आम्हा तिघांपैकी कुणीही ऐकलेली नव्हती.

परत येऊन मी पाटाशी वाकलो. बाकीच्या तारा लोंबत होत्या. एक सरळ होती. मी बोट पुढे केलं.

‘‘हात लावू नकोस,’’ अप्पा म्हणाले. ‘‘आज नाही. पूजा मोडायची नाही आज.’’

‘‘भावोजी, नका,’’ सुशीलाही म्हणाली, आणि पाटाशेजारी बसली. संध्याकाळी कुणीच जेवलं नाही. सकाळपर्यंत ती तिथून हलली नाही.

दसऱ्याच्या सकाळी शेषप्पा आले. त्यांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी वाद्य उचललं आणि विचारलं, ‘‘ही कुणी लावली?’’ पेटीवर ताडून पाहिलं — स्वर दोन पट्ट्यांच्या मधेच. मग त्यांनी शेजारची सैल खुंटी जराशी फिरवली. तिच्यावरचं गंध लगेच तडकलं. ताणलेल्या तारेच्या खुंटीवरचं गंध अखंड होतं.

ते म्हणाले, ‘‘ही फिरलेलीच नाही.’’

‘‘मग तार कशी चढली?’’ मी विचारलं.

त्यांनी वाद्य पाटावर ठेवलं आणि हात पुसले. ‘‘मला ह्याचं नाव माहीत नाही, सार. शोधणारही नाही.’’

अप्पांनी भटजींना बोलावलं नाही. त्या वर्षी नाही, नंतरही नाही. मद्रासच्या एका जाणकाराला फोटो पाठवला. त्यांनाही वाद्याचा प्रकार सांगता आला नाही. कातडं फाटलेलं नाही. वसंताबद्दल लष्कराकडून पुढे काही कळलं नाही.

यंदाच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सुशीलेनं पेटी मागवली आणि माझ्यासमोर ती तार ताडून पाहिली. स्वर उतरलेला नाही. खुंटीवरचं गंध शाबूत आहे.