शिवप्पा ज्या दारात थांबत नाही

संक्रांतीचं हळदीकुंकू अर्धंमुर्धं उरकलं आणि मी धारवाडला निघाले. निमित्त कामाचं होतं, पण खरं सांगायचं तर तिथल्या सप्तापूर भागाची ओढ होती. कॉलेजची पाच वर्षं मी तिथे भाड्याच्या खोलीत काढली. पुण्यात वीस वर्षं झाली, तरी अजून कुणी ‘गाव कुठलं?’ विचारलं की जिभेवर आधी धारवाड येतं.

काम असं. आमच्या सरोजाक्का, माझ्या कॉलेजातल्या बाई, यांनी वीसेक वर्षांपूर्वी एक साधी गोष्ट सुरू केली. चाळिशी उलटली की बायकांना जवळचं दिसेनासं होतं. शिवणकाम सुटतं, तांदळातले खडे घासात येतात, आणि बाई समजते की आपलं वय झालं. जवळचा चष्मा मिळाला की काम होतं, पण तेवढ्यासाठी शहरात कोण जाणार? अक्कांनी चष्मे दिले बळेगारांच्या हाती. बळेगार म्हणजे दारोदार फिरून बांगड्या भरणारा. त्याच्यापुढे बाई निवांत बसते, हात त्याच्या हातात देते, मनातलं बोलते. डोळे तपासायला अक्षरांचा तक्ता नाही, ताटलीत मूठभर तांदूळ. खडे वेचता आले नाहीत की चष्मा घालून बघायचा. पहिला खोका घेऊन शिवप्पा बळेगाराबरोबर गावोगाव हिंडणारी विद्यार्थिनी मीच!

आता आमची पुण्यातली छोटी संस्था हेच काम महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या जिल्ह्यात नेणार होती. बांगडीवाल्यांशी बोलणी झाली होती, माहितीपुस्तिका छापायला तयार होती. फक्त अक्कांचा होकार हवा होता. त्यांच्या होकाराशिवाय मी पाऊल टाकणार नव्हते आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते, पुण्याहून सकाळची बस धरा. साताऱ्याच्या पुढे रस्त्याची कामं चालू आहेत, तेव्हा घड्याळाकडे बघू नका. निपाणी सोडली की पाट्या बदलतात आणि बेळगावच्या पुढे हवा बदलते. दुतर्फा शाळू उभा होता. धारवाड आधी येतं, हुबळी नंतर, म्हणून धारवाडलाच उतरा. स्टँडवर उतरल्या उतरल्या मी गिरमिट आणि मिरची भजी मागवली. दोन्हींचे मिळून पन्नास रुपयेसुद्धा झाले नाहीत. चुरमुऱ्यांवर चिंचेचा तोच मसाला, तोच कच्चा कांदा. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीमुळे, असं मी गाड्यावाल्याला सांगितलं.

सप्तापूरच्या गल्ल्यांत आता खोल्यांवर मजले चढलेत, पण पोरं तशीच पुस्तकं काखोटीला मारून चहाच्या टपरीवर वाद घालतात. अक्कांचं फाटक तसंच कुरकुरलं. त्या मात्र बारीक झाल्या होत्या. यजमान जाऊन वर्ष झालं होतं, मला तेव्हा येता आलं नव्हतं. त्यांच्या हातांकडे बघायचं मी टाळलं. त्या हातांत बारा महिने किणकिणणाऱ्या हिरव्या बांगड्या नव्हत्या.

“आलीस? ऊटा आधी, रडणं नंतर,” अक्का म्हणाल्या. ऊटा म्हणजे जेवण. कडक भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी आणि वर दही. मी तीन भाकऱ्या हाणल्या.

संध्याकाळी फाटकावरून हाक आली, “अक्कोर!” इकडे शिक्षिकेला अक्कोर म्हणतात. शिवप्पाच! केस पांढरे, पण खांदा बांगड्यांच्या पेटीनं तसाच एका बाजूला कललेला. संपलेल्या चष्म्यांची यादी त्यानं फाटकावरूनच माझ्या हाती दिली.

“आत ये की, चहा घे,” मी म्हटलं.

“आज नको, अव्वा. उशीर झालाय.” आणि गडी वळलासुद्धा.

पूर्वी हा माणूस याच कट्ट्यावर तासन्‌तास बसायचा, अक्कांचे दोन कप चहा रिचवायचा. मी पुस्तिका पुढे केली. अक्कांनी ती मिटूनच ठेवली.

“उद्या एक दिवस शिवप्पाबरोबर हिंड. मग विचार मला, होय की नाही.”

मला रागच आला. मीच ज्या कामात घडले, त्याची परीक्षा आता मी द्यायची? पण अक्कांपुढे माझं कधी चाललंय!

दुसऱ्या दिवशी जुन्या स्टँडवरून गावाची बस धरली. कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही. मीही ऐटीत कन्नडमध्ये बोलत आधार कार्ड पुढे केलं.

कंडक्टरनं ते उलटसुलट केलं. “पत्ता पुण्याचा दिसतोय, अक्का. तिकीट काढा.”

सगळी बस हसली. मीही हसले, पण जरा लागलंच.

गावात मात्र जीव रमला. शिवप्पानं आरोळी दिली की दारं उघडत. बायका अंगणात बसकण मारत, तो एकेक बांगडी हाताला जराही न खुपता चढवी आणि हळूच विचारी, “सुईत दोरा कोण ओवतं हल्ली? सून?” की आमची ताटली पुढे. एका आजीनं चष्मा लावून तांदूळ बघितले आणि म्हणाली, “अगं बाई, एवढे खडे? आणि मी आजवर नातवाला वाढत होते!” मलाही त्यानं डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या. भरून झाल्यावर बळेगाराला नमस्कार करायची रीत आहे. मी वाकून केला. वीस वर्षांपूर्वीचीच मी, तेच ऊन. वाटलं, अक्कांना उगाच शंका आहे, हे काम सोन्यासारखं आहे.

मग एक दार आलं. उंबऱ्याशी पन्नाशीची बाई गोधडी शिवत होती, कापड अगदी नाकाला टेकवून. शिवप्पानं मान खाली घातली आणि पुढे गेला. पुढच्या गल्लीत पुन्हा तसंच. मी थांबले.

“शिवप्पा, ते दार का सोडलं?”

“कुठलं?”

“कुठलं काय! गोधडीवालीचं. तिला दिसत नाही, आंधळ्यालाही कळेल.”

तो घुटमळला. “अव्वा, तिचा नवरा वारला. बळेगार तिच्या दारात कसा उभा राहणार? पेटी बघून तिच्याच जिवाला लागेल.”

त्याच्या आवाजात तुच्छता असती तर मी भांडले असते. पण त्याला खरोखरच तिची दया येत होती. दया करून करून या भल्या माणसानं वीस वर्षं अशी दारं टाळली होती. आणि मी? त्याच्याच मागून चालत होते, खोका उचलून! मला कधी दिसलंच नाही. शिवणकामावर पोट असणाऱ्या त्याच बायका, आणि चष्मा नेमका त्यांनाच नाही.

मी मागे फिरले, गोधडीवालीपुढे ताटली धरली. तिला चष्मा लागला. तिनं गोधडीवरचे स्वतःचे टाके पाहिले, वाकडेतिकडे, आणि लाजली. “उसवते सगळे,” म्हणाली. शिवप्पा पार गल्लीच्या टोकाला उभा होता.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, “आणि अक्कांच्या घरात? काल उशीर झाला नव्हता, खरं ना?”

त्यानं पेटी मांडीवर ओढून घेतली. “अक्कोरांचे हात मीच भरत आलो. आता ते हात बघवत नाहीत मला.”

घरी पोचले तेव्हा अक्का कट्ट्यावर शाळू निवडत होत्या. “तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“वर्षापूर्वी कळलं,” त्या म्हणाल्या. “तो फाटकावर थांबायला लागला तेव्हा. एवढी शिकलेली मी, एवढी गावं जोडली. कुठली दारं सुटतात हे माझंच दार सुटेपर्यंत कळलं नाही. आता तू तेच जिल्हाभर नेणार. जेवढं मोठं करशील तेवढी जास्त दारं सुटतील.”

“मग नाही म्हणताय?”

“गिरणीत कोण जातं, सांग.”

“सगळ्याच.”

“दळण लावून ताटकळत बसतात. तिथं कुणी कपाळ बघत नाही. बळेगार असू दे, पण गिरणीवालाही घे. आणि पुस्तिकेत पहिल्या पानावर लिही. काम ज्याच्या हाती द्याल, त्याला आधी विचारा, तू कुणाच्या दारात जात नाहीस?”

म्हणजे पुस्तिका नव्यानं लिहायची, नव्यानं बोलणी करायची, काम निदान सहा महिने लांबणीवर. पुण्यात माझी चंपी होणार हे नक्की होतं. तरी मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हुबळीला दाजीबानपेठेत गेले. खण घ्यायचा तर तिथेच, पण सकाळी लवकर. हळदीकुंकवाला वाण म्हणून चष्मा ठेवायच्या खणाच्या पिशव्या घेतल्या. परत आले तर फाटक उघडं. शिवप्पा कट्ट्यावर बसलेला, आणि खांद्यावर पेटी नाही! फक्त चष्म्यांचा खोका.

“पेटी घरी ठेवून आलो, अक्कोर,” तो खाली बघत म्हणाला. मग त्यानं ताटली पुढे केली. अक्कांची स्वतःची ताटली, स्वतःची युक्ती. अक्कांनी खडे वेचले आणि दोन खडे राहिले. वर्षभर जुन्याच नंबरावर भागवत होत्या बाई! त्यानं दुसरा चष्मा दिला, दांडी कानामागे नीट बसवली. अक्कांनी ताटलीतले दोन खडे उचलून बाजूला ठेवले. आणि बांगड्या भरल्यावर करतात तसा शिवप्पाला वाकून नमस्कार केला.

शिवप्पा ढसाढसा रडला. मीही. अक्का चहा टाकायला आत गेल्या.

पुण्यात अपेक्षेप्रमाणे बोलणी खाल्ली. सहा महिने मात्र मिळाले. धारवाडहून आणलेले पेढे दोन दिवसांत संपले, बांगड्यांतल्या दोन धुणं धुताना वाढल्या. आणि रथसप्तमीला अजून दोन दिवस होते.

मी पाचव्या मजल्यावर राहते. दर संक्रांतीला हळदीकुंकवाचं आमंत्रण करत जिना उतरते. चौथा मजला करते, दुसरा करते, पहिला करते. तिसऱ्यावर लेलेकाकू राहतात. काका गेल्यापासून त्यांच्या दारावरून मी हळूच उतरते, त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

या वेळी खणाची पिशवी आणि हळदीकुंकवाची कुयरी घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर थांबले. बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, कुयरीकडे पाहिलं आणि मागे वळून बघितलं, जणू घरात आणखी कुणी बाई होती.

“अगं, कुणाकडे आलीस?”

“तुमच्याकडेच, काकू,” मी म्हटलं. “आत येऊ?”